युरोपात निर्वासितांच्या न्याय्य वाटणीसाठी पाठपुरावा: काय मागायचे, कुणाकडे आणि कधी

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये स्थायिक झालेली आपली बरीच मंडळी निर्वासितांसाठी काही ना काही करतात. कुणी शनिवारी भाषा शिकवते, कुणी सरकारी कागद भरून देते. मग कधीतरी वाटते की धोरणाबद्दलही बोलावे, आणि तिथे गाडी अडते. पत्र भलत्याच कार्यालयात जाते, मागणी असते ‘युरोपने माणुसकी दाखवावी’ इतकी मोघम, आणि ते पोहोचते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. काही आठवड्यांनी छापील उत्तर येते, आणि प्रकरण संपते.

हा लेख युरोपियन युनियनच्या सदस्य देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. आयर्लंड युनियनच्या सामायिक आश्रय व्यवस्थेत सामील आहे, डेन्मार्क नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे डब्लिन नियमांत (आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा ते ठरवणाऱ्या) आहेत, पण खाली येणारी वार्षिक वाटणी त्यांच्यावर बंधनकारक नाही. ब्रिटन तर 2021 पासून डब्लिनच्याही बाहेर आहे. तिथल्या वाचकांना पत्र लिहिण्याचा भाग उपयोगी पडेल, वेळापत्रकाचा नाही.

## टप्पा 1: नेमका वाद कशाचा आहे ते समजून घ्या

वाद दोन वेगळ्या गोष्टींचा आहे आणि लोक त्या सर्रास एकत्र करतात.

पहिली गोष्ट जबाबदारीची: आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा? डब्लिन नियमांत कुटुंब, व्हिसा वगैरे निकष आधी येतात. पण ते लागू नसतील तर माणूस बेकायदा वाटेने ज्या देशात पहिल्यांदा शिरला, त्याच्या गळ्यात जबाबदारी पडते. म्हणजे बहुतेक वेळा ग्रीस, इटली, स्पेन, माल्टा, सायप्रस. 2024 साली मंजूर झालेल्या आणि 2026 च्या मध्यापासून लागू होणाऱ्या नव्या स्थलांतर-आश्रय करारानेही हा निकष काढलेला नाही. उलट त्या देशाची जबाबदारी पूर्वी 12 महिन्यांनी संपत असे, ती आता साधारणपणे 20 महिने टिकते.

दुसरी गोष्ट मदतीची: ज्या देशांवर भार पडतो त्यांना बाकीच्यांनी किती आणि कशा रूपात हात द्यायचा? युनियनच्या कामकाजाविषयीच्या कराराचे कलम 80 म्हणते की आश्रयाच्या धोरणात एकजूट आणि जबाबदारीची न्याय्य वाटणी असली पाहिजे, आर्थिक भारासकट. नव्या नियमांत त्यासाठी दरवर्षी एक ‘सॉलिडॅरिटी पूल’, म्हणजे मदतीचा सामायिक साठा, ठरतो. कायद्यातली किमान पातळी वर्षाला 30,000 रिलोकेशन (म्हणजे आश्रयार्थींना भार असलेल्या देशातून दुसऱ्या सदस्य देशात हलवणे) आणि 60 कोटी युरो. प्रत्येक देशाचा वाटा निम्मा लोकसंख्येवर आणि निम्मा जीडीपीवर काढतात.

मेख पुढे आहे. वाटा उचलणे बंधनकारक, पण रूप निवडायचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला. माणसे घ्या, पैसे द्या, किंवा कर्मचारी-साहित्य पाठवा. रिलोकेशनऐवजी पैसे देणाऱ्यांसाठी माणशी 20,000 युरो हा हिशेबाचा आकडा आहे.

सावधान: हे 20,000 युरो म्हणजे ‘निर्वासित नाकारल्याचा दंड’ नव्हे. तो कायद्याने दिलेला पर्याय आहे. पत्रात ‘दंड’ लिहिलेत तर समोरचा अधिकारी तिथेच ओळखतो की तुम्ही नियम वाचलेला नाही.

## टप्पा 2: मागणी एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मागणी अशी हवी की निर्णय घेणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावेच लागेल.

नेहमी लिहिले जाते ते वाक्य:

> आपल्या देशाने जास्त निर्वासित स्वीकारावेत आणि युरोपने सर्व देशांना समान वागवावे.

याला कुठलाही मंत्री ‘आम्ही तेच करत आहोत’ असे उत्तर देऊ शकतो. आणि देतो. आता हे पाहा:

> पुढील वर्षाच्या सॉलिडॅरिटी पूलमध्ये सरकारने आपल्या वाट्यातला किमान निम्मा भाग रिलोकेशनच्या रूपात जाहीर करावा, आणि ज्यांचे नातेवाईक आपल्या देशात आधीपासून आहेत अशा आश्रयार्थींना त्यात प्राधान्य द्यावे.

यात वर्ष आहे, प्रमाण आहे, कोण करणार ते आहे. टाळाटाळ केली तरी ती दिसून येते.

पैशांच्या बाबतीतली मागणी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. देशाने दिलेले पैसे सदस्य देशांतल्या स्वागत व्यवस्थेवर खर्च होऊ शकतात, तसेच युनियनबाहेरच्या देशांतल्या प्रकल्पांवरही. तेव्हा ‘आपले पैसे ग्रीस-सायप्रसमधल्या निवास, कायदेशीर मदत आणि मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावेत’ ही मागणी अगदी ठोस आहे. जो पक्ष माणसे घ्यायला तयार नाही, त्याच्याकडेही ती नेता येते.

आणखी दोन जागा आहेत. एक, हस्तांतराची, म्हणजे अर्जदाराला जबाबदार देशाकडे परत पाठवण्याची. वाटा उचलण्याची एक वाट अशी की माणसे आणण्याऐवजी, मुळात दुसऱ्या देशाची जबाबदारी असलेले पण आपल्याकडे पोहोचलेले अर्ज आपणच तपासायचे. हे वाट्यात धरता येते. सरकारने किती वाटा या हिशेबाने भागवला, ते जाहीर करायला सांगा. दोन, सीमेवरच्या तपासणीत मूलभूत हक्क पाळले जातात की नाही यावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा प्रत्येक देशाने उभारणे नव्या नियमांत आवश्यक आहे. तुमच्या देशात ती कोण चालवते, तिला निधी किती, ती अचानक भेट देऊ शकते का, हे विचारा.

एका पत्रात एकच मागणी. चार घातल्यात तर सर्वांत सोप्या मागणीवर उत्तर येईल आणि बाकीच्या तीन गायब होतील.

तपासणी: मागणीचे वाक्य विषय माहीत नसलेल्या मित्राला वाचून दाखवा. ‘मग हे कोण करणार?’ असे त्याने विचारले, तर वाक्य अजून झालेले नाही.

## टप्पा 3: आकडे जमवा, पण जपून

युनियनची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट आणि माल्टातली युरोपियन आश्रय संस्था दोन्हींचे आकडे खुले आहेत. गफलत होते ती वाचण्यात.

एकूण आणि दरडोई यांत फार फरक पडतो. एकूण अर्ज मोजले की जर्मनीसारखे मोठे देश वर दिसतात. लोकसंख्येच्या प्रमाणात मोजले की सायप्रस आणि ग्रीस वर येतात. आपल्या सोयीचा एकच आकडा उचललात तर समोरचा दुसरा काढून दाखवेल. दोन्ही द्या, आणि मग आपली बाजू मांडा. पहिल्यांदा केलेले अर्ज आणि पुन्हा केलेले अर्जही वेगळे मोजलेले असतात; तक्त्याचे शीर्षक वाचल्याशिवाय आकडा उतरवू नका.

युक्रेनचा हिशेब वेगळा. 4 मार्च 2022 पासून युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरते संरक्षण लागू झाले. असे लोक 40 लाखांहून जास्त आहेत आणि ते नेहमीच्या आश्रय अर्जांत धरले जात नाहीत. पोलंड, चेकिया म्हणतात की आम्ही हा भार उचलला आहे, आणखी किती? हा मुद्दा खरा आहे, त्याला नाक मुरडू नका. तुमच्या पत्रात तो आधीच मान्य केलेला असेल तर चर्चा पुढे सरकते.

2015 चा अनुभव हाताशी ठेवा, कारण कुणीतरी तो काढणारच. तेव्हा इटली आणि ग्रीसवरचा भार कमी करण्यासाठी 1,60,000 लोकांच्या रिलोकेशनचे ठरले. प्रत्यक्षात सुमारे 35,000 झाले. काही देशांनी सरळ नकार दिला. शिवाय ज्यांचे आश्रय अर्ज युरोपभर 75 टक्के किंवा जास्त प्रमाणात मंजूर होतात अशाच राष्ट्रीयत्वांना योजना लागू होती, त्यामुळे पात्र लोकच कमी निघाले. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाने कायदा मोडला असा निकाल युरोपियन न्यायालयाने 2 एप्रिल 2020 रोजी दिला, तेव्हा योजना संपून अडीच वर्षे उलटली होती. ‘सक्ती करून काही होत नाही’ असा निष्कर्ष यातून लोक काढतात. माझ्या मते निकष अरुंद होते आणि अंमलबजावणीला दात नव्हते, हे त्यातून दिसते. पण दोन्ही वाचन मांडता आले पाहिजे.

जाहीर नसलेले कागद हवे असतील तर नियम 1049/2001 खाली युनियनचे कमिशन (कार्यकारी संस्था), कौन्सिल (सदस्य देशांचे मंत्री) आणि पार्लमेंटकडे मागता येतात. युनियनमध्ये राहणारा कुणीही मागू शकतो, पासपोर्ट भारतीय असला तरी. उत्तराची मुदत कामाचे 15 दिवस. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना हे जमेल. नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता येतो आणि त्यानंतर युरोपियन लोकपालाकडे जाता येते.

## टप्पा 4: दार ओळखा

इथली चूक सगळ्यात महागात पडते. आश्रय म्हटले की लोक युरोपियन पार्लमेंटच्या खासदाराला लिहितात. कायदा बदलायचा असेल तर ते बरोबर, कारण कायदा पार्लमेंट आणि कौन्सिल मिळून करतात. पण वार्षिक पूलवर पार्लमेंटचे मत नसते. कमिशन प्रस्ताव मांडते, सदस्य देशांचे मंत्री कौन्सिलमध्ये ठरवतात, आणि आपल्या देशाने माणसे घ्यायची की पैसे द्यायचे ते आपले सरकार ठरवते. तेव्हा पूलबद्दलची मागणी आधी राष्ट्रीय सरकारकडे: जर्मनीत गृहमंत्रालय, आयर्लंडमध्ये न्याय खाते, इतरत्र आश्रय खाते ज्याच्याकडे आहे ते. आणि त्याची प्रत राष्ट्रीय संसदेतल्या तुमच्या खासदाराला.

मग युरोपियन खासदाराचा उपयोग काय? तो कमिशनला किंवा कौन्सिलला लेखी प्रश्न विचारू शकतो. साध्या प्रश्नाला सहा आठवडे, तातडीच्या प्रश्नाला तीन आठवडे अशी उत्तराची मुदत असते. टप्पा 2 मधला पैशांचा प्रश्न त्याच्याकडून विचारून घेता आला तर अधिकृत उत्तर हातात येते. आश्रयाचे विषय नागरी स्वातंत्र्य, न्याय आणि गृह समितीकडे असतात. आपल्या देशातला त्या समितीचा सदस्य शोधा.

महापालिका हे तिसरे दार. जर्मनीत शंभराहून जास्त शहरांनी ‘सुरक्षित बंदर’ म्हणून स्वतःला जाहीर करून जास्त लोक घेण्याची तयारी दाखवली. पण शहर किंवा राज्य स्वतःहून लोक आणू शकत नाही. बर्लिन राज्याला ग्रीसमधून लोक आणायचे होते, केंद्रीय गृहमंत्रालयाने संमती नाकारली, आणि 2022 साली संघीय प्रशासकीय न्यायालयाने मंत्रालयाची बाजू उचलून धरली. तेव्हा नगरसेवकाकडे ‘लोक आणा’ असे मागू नका. ‘आमच्याकडे इतक्या जागा आहेत असा ठराव करून मंत्रालयाला पाठवा’ असे मागा.

सावधान: युरोपियन कौन्सिल म्हणजे राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधानांची बैठक. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे मंत्र्यांची. कौन्सिल ऑफ युरोप ही स्त्रासबुर्गमधली 46 देशांची वेगळीच संस्था, मानवी हक्क न्यायालय तिचे. पाकिटावर चुकीचे नाव पडले की पत्र फिरत राहते.

### भारतीय पासपोर्टवर काय करता येते?

पत्र, भेट, कागदांची मागणी, युरोपियन पार्लमेंटकडे याचिका: सगळे करता येते. जर्मन संसदेकडेही (बुंडेस्टाग) कुणीही याचिका करू शकते. स्थानिक निवडणुकीत मत देण्याचे नियम देशागणिक वेगळे: आयर्लंडमध्ये राष्ट्रीयत्व काहीही असो, रहिवाशाला स्थानिक मत आहे, नेदरलँड्समध्ये पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर, जर्मनीत युनियनबाहेरच्यांना नाही. दहा लाख सह्यांच्या युरोपियन नागरिक उपक्रमावर मात्र फक्त युनियनचे नागरिक सही करू शकतात.

मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहिण्याचा मोह आवरा. जर्मनीत करसवलत असलेल्या संस्थेने आपल्या उद्दिष्टांबाहेर जाऊन राजकीय प्रभाव टाकायचा प्रयत्न केला तर ती सवलत धोक्यात येऊ शकते. अटॅक या संस्थेविरुद्धच्या 2019 च्या निकालानंतर सगळेच सावध आहेत. गणपती आणि दिवाळी पहाटेसाठी नोंदवलेल्या संस्थेची घटना आधी वाचा, नाहीतर व्यक्तिगत नावांनी लिहा.

## टप्पा 5: वेळापत्रक पाळा

नियमाप्रमाणे कमिशनचा वार्षिक अहवाल 15 ऑक्टोबरपर्यंत यायचा असतो. कोणते देश दबावाखाली आहेत हे त्याच सुमारास ठरते आणि पूलचा प्रस्तावही येतो. मग देशांच्या उच्चस्तरीय मंचात कोण काय देणार याची बोलणी, आणि वर्षअखेरीस मंत्र्यांचा निर्णय. पहिल्याच फेरीत अहवाल लांबून 11 नोव्हेंबर 2025 ला आला. त्यात सायप्रस, ग्रीस, इटली आणि स्पेन दबावाखाली ठरले. 8 डिसेंबरला मंत्र्यांनी 21,000 रिलोकेशन आणि 42 कोटी युरो या आकड्यांवर राजकीय सहमतीही केली (नियम 2026 च्या मध्यापासून लागू, म्हणून पहिल्या वर्षी हे किमान पातळीहून कमी). मधे महिनासुद्धा नव्हता. त्या काळात कुणी पत्राचा पहिला मसुदा करत बसला असेल, तर त्याचे वर्ष गेले.

म्हणून: जून-जुलैत मागणी आणि आकडे. ऑगस्टमध्ये ब्रुसेल्स रिकामे असते, तेव्हा भेटी मागू नका, मसुदा घासा. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय खासदाराची भेट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंत्रालयाला पत्र. अहवाल आल्यावर त्यातला आकडा घालून एक पानाची पुरवणी. डिसेंबरनंतर फक्त हिशेब विचारायचा.

## टप्पा 6: पत्र आणि भेट

पत्र एका पानाचे, त्या देशाच्या भाषेत. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कुठे राहता, तिसऱ्या ओळीत मागणी. मग कारण आणि एकच आकडा. शेवटी, अमुक तारखेपर्यंत उत्तर हवे. चारशे लोकांनी एकच मजकूर पाठवला तर कार्यालयात तो एक पत्र म्हणून नोंदला जातो. दहा लोकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले जास्त वजनदार ठरते.

भेट बहुधा सहायकाशीच होते. त्याला कमी लेखू नका, टिपण तोच लिहितो. तिघे जा: एक बोलणारा, एक नोंदी घेणारा, आणि एक त्या मतदारसंघातला मतदार. संवाद साधारण असा चालतो:

> ‘तुम्ही इथले मतदार आहात का?’
> ‘मी नाही, पण याच मतदारसंघात राहतो. या दोघी मतदार आहेत.’
> ‘साहेबांचा रिलोकेशनला पाठिंबा आहेच.’
> ‘छान. मग ते मंत्र्यांना लेखी विचारतील का, की आपल्या वाट्यातला किती भाग रिलोकेशनचा असेल?’

शेवटचा प्रश्न घरून पाठ करून जा. पाठिंबा फुकट असतो, लेखी प्रश्नाला नोंद लागते.

आपल्याच लोकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येईल: ‘आम्ही रांगेत उभे राहून, व्हिसा काढून आलो.’ वाद घालू नका. नोकरीचा व्हिसा आणि आश्रय या दोन वेगळ्या रांगा आहेत. आश्रय मागायला येण्यासाठी युनियनमध्ये सर्वसाधारण व्हिसाच नाही. एवढे शांतपणे सांगा आणि कामाला लागा.

सावधान: भेटीला एखाद्या आश्रयार्थीला घेऊन जाणार असाल, त्याची गोष्ट पत्रात घालणार असाल, तर आधी त्याच्या वकिलाशी किंवा सल्ला केंद्राशी बोला. जाहीर झालेला तपशील त्याच्या अधिकृत जबाबाशी जुळला नाही तर अर्जाला धक्का लागतो, आणि गावाकडच्या नातेवाइकांचा जीवही धोक्यात येऊ शकतो. नाव, फोटो, गाव: काहीही नको. आणि त्याला हस्तांतराची नोटीस आलेली असेल तर पत्रबित्र बाजूला ठेवून थेट वकिलाकडे. अपिलाची मुदत फार थोडी असते.

## टप्पा 7: याचिका, गरज असेल तरच

खासगी संकेतस्थळावरच्या सह्या म्हणजे याचिका नव्हे. त्या कुणालाही उत्तर द्यायला बांधून घेत नाहीत. युरोपियन पार्लमेंटच्या याचिका समितीकडे मात्र एका माणसाच्या सहीवरही प्रकरण दाखल होते. अटी अशा: तुम्ही युनियनचे नागरिक किंवा रहिवासी असावे, विषय युनियनच्या अखत्यारीतला असावा आणि तुमच्याशी थेट संबंधित असावा. शेवटच्या अटीवर लोक अडखळतात. ‘मला वाईट वाटते’ हा संबंध नव्हे; ‘मी अमुक शहरात आश्रयार्थींना मदत करतो आणि अमुक नियम पाळला न गेल्याने हे काम असे अडते’ हा संबंध आहे.

मजकूर युनियनच्या 24 अधिकृत भाषांपैकी एकीत हवा. नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता द्यावाच लागतो. नाव जाहीर होऊ नये असे वाटत असेल तर ते दाखल करतानाच सांगा, नंतर नव्हे. वेळ भरपूर लागतो, त्यामुळे त्याच वर्षीच्या पूलसाठी हे हत्यार निरुपयोगी. एखादा नियम वर्षानुवर्षे पाळला जात नसेल तिथे ते चालते.

## टप्पा 8: उत्तर आल्यावर

उत्तर मागणीच्या वाक्याशेजारी ठेवून वाचा. ‘आपला देश एकजुटीला बांधील आहे’ हे उत्तर नव्हे. ‘रूप अद्याप ठरलेले नाही’ हे अर्धे उत्तर. त्यावर ‘कधी ठरेल आणि कोण ठरवेल?’ असे दोन ओळींचे पत्र त्याच आठवड्यात. ‘आम्ही आर्थिक वाटा देऊ’ असे आले तर ते उत्तर आहे, भले मनासारखे नसो. तिथून मागणी पैशांच्या वापराकडे वळवा.

सगळा पत्रव्यवहार तारखेनिशी एका फाईलमध्ये ठेवा आणि ती एकट्याच्या लॅपटॉपवर नको. आपली माणसे नोकरी बदलून म्युनिकहून डब्लिनला जातात, फाईलही जाते, आणि मागे राहिलेल्यांना पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात करावी लागते. जानेवारीत एक काम उरते: आपल्या सरकारने डिसेंबरमध्ये जे जाहीर केले त्यातले प्रत्यक्षात किती झाले, हे जुलैमध्ये विचारण्यासाठी खासदाराच्या सहायकाचे नाव आणि प्रश्नाचा मसुदा त्याच फाईलमध्ये लिहून ठेवणे.